वावडं नेमकं कशाचं?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मलकापूरकडच्या बायकांच्या बैठकीत खाण्यापिण्याचा विषय निघाला, की एक तक्रार हमखास येते. कुणाला दूध पचत नाही. कुणी वांगं खाल्लं की तोंडाला खाज सुटते. कुणाच्या नातवाला पोळी खाल्ली की पोट फुगतं. आणि प्रत्येकीनं आपापल्या मनानं काही ना काही बंद केलेलं असतं. एकीनं दूध सोडलं, दुसरीनं डाळ, तिसरीनं आंबट. "कुणी सांगितलं?" असं विचारलं तर उत्तर येतं, "सांगते कोण? आपलंच."

हे 'आपलंच' म्हणून सोडणं आपल्याला महागात पडतं. आधीच बाईचं ताट सगळ्यांच्या शेवटी वाढलं जातं. त्यातून दूध गेलं, डाळ गेली, शेंगदाणा गेला, तर राहतं काय? आणि याच्या उलटही घडतं. ज्या पोराला खरोखर एखादी वस्तू विषासारखी आहे, त्याला "इतकुसं खाल्ल्यानं काय होते?" म्हणून आपणच भरवतो. म्हणून आज तीन गोष्टी सांगणार आहोत. बंद करायचं ते खात्री करून बंद करावं. जेवढं बंद करायला हवं तेवढंच बंद करावं. आणि जे ताटातून काढलं, त्याच्या जागी दुसरं काही घालावं.

आपल्या बोलण्यात यासाठी पुष्कळ शब्द आहेत. मानवत नाही, बाधतं, पचत नाही, अंगावर उठतं, वावडं आहे. आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. पण शरीरात जे घडतं ते प्रत्येक वेळी एकच नसतं. आधी ते वेगवेगळं करून पाहू.

पहिला प्रकार ॲलर्जीचा. आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारी यंत्रणा असते. कधी कधी ती चुकून एखाद्या साध्या अन्नालाच शत्रू समजते. मग खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, दम लागतो. इथे प्रमाणाला अर्थ नसतो. चिमूटभर कूटही पुरतं.

दुसरा प्रकार न पचण्याचा. इथे लढाई नसते. ते अन्न पचवायला लागणारा रस आतड्यात कमी असतो. पोट गुडगुडतं, फुगतं, संडास पातळ होते. त्रास होतो, पण जीव जात नाही. शिवाय थोडं खाल्लं तर चालतं, जास्त खाल्लं तर बाधतं.

तिसरा प्रकार गव्हातल्या ग्लुटेनमुळं होणारा, सिलिअ‍ॅक नावाचा आजार. हा गुपचूप चालतो, महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. त्याबद्दल आज सविस्तर बोलायचं आहे.

या तिन्हींत अन्न चांगलंच असतं, दुसऱ्या कुणाला ते काही करत नाही. अन्नच खराब असलं तर गोष्ट वेगळी. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस भराभर गळू लागले. आधी संशय पाण्यावर गेला, मग शाम्पूवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथकही गावात येऊन नमुने घेऊन गेलं. पुढं डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जादा सेलेनियमकडं बोट दाखवलं. हे ॲलर्जीचं प्रकरण नव्हतं. एकाच वेळी घरातल्या, गल्लीतल्या अनेकांना त्रास झाला, तर दोष अन्नात किंवा पाण्यात शोधायचा. सगळ्यांनी तेच खाल्लं आणि त्रास मात्र एकालाच, पुन्हा पुन्हा, तर त्या एकाच्या वावड्याचा विचार करायचा. एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मं काम होतं.

आता गव्हाकडं वळू.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला जो ताण येतो, पोळी लाटता येते, तो त्याच्यामुळं. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसानं गहू खाल्ला की त्याच्या अंगातली यंत्रणा त्याच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही.

ओळखायचं कसं? पोराचं पोट मोठं आणि हातपाय काड्या. संडास वारंवार, चिकट, दुर्गंधी असलेली. उंची वाढत नाही, चिडचिड फार. मोठ्या मुलींत आणि बायकांत पोटाची तक्रार नसतेही. तिथे रक्त कमी असतं आणि लोहाच्या गोळ्या महिनोन् महिने घेऊनही वाढत नाही. तोंड सारखं येतं. हाडं दुखतात. पाळी उशिरा सुरू होते, गर्भ राहत नाही किंवा पडतो. आता सांगा, यातल्या कितीजणी पोळीवर संशय घेतील? रक्त वाढत नाही म्हणून गोळ्या बदलतात, दवाखाने बदलतात, नवससायास होतात. प्रत्येक रक्तक्षयाच्या मागे सिलिअ‍ॅक असतो असं मुळीच नाही. पण गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांना एकदा विचारा, "गव्हाची तपासणी करून पाहायची का?"

उत्तर भारतात हा आजार अधिक आढळतो. दिल्ली परिसरात केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात साधारण शंभर माणसांमागे एकाला हा आजार निघाला. दक्षिणेत, जिथे भात मुख्य आहे, तिथे तो फार कमी. आपण मधल्या पट्ट्यातले. आपल्या आज्या भाकर खाऊन जगल्या, आपण पोळीवर आलो. घरात एकाला हा आजार निघाला तर सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करून घ्यावी, कारण तो रक्ताच्या नात्यात येतो.

तपासणी रक्ताची असते. तिला टीटीजी म्हणतात. ती जास्त आली तर बहुतेक वेळा दुर्बिणीतून आतड्याचा लहानसा तुकडा काढून पाहतात, त्यासाठी अकोल्याला किंवा जळगावला जावं लागू शकतं. आणि इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. आधीच बंद केला तर रक्तात काही सापडत नाही, आजार लपतो. "पोळी बंद केली तर बरं वाटतं, मग तपासायचं कशाला?" असं वाटेल. पण हा आजार निघाला तर गहू जन्मभर सोडावा लागतो, सणालासुद्धा चालत नाही. एवढा मोठा निर्णय अंदाजावर घेऊ नये.

गहू यामागे आहे हे जगाला कसं कळलं, तेही ऐकण्यासारखं आहे. नेदरलँड्स देशात विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. अशा सुकलेल्या मुलांना ब्रेड बाधतो असा त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्ध चालू असताना, तिथे मोठी उपासमार झाली. ब्रेड मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपच्या फुलांचे कंद उकडून खाऊ लागले. सगळा देश उपाशी असताना ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली. पुन्हा ब्रेड आला, तशी ती पुन्हा बिघडली. १९५० साली डिके यांनी आपला अभ्यास प्रबंधात मांडला. आजही या आजारावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. उपाय ताटातच आहे.

आणि मैत्रिणींनो, हा उपाय आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. ज्वारीत ग्लुटेन नाही. बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, कुठल्याच डाळीत नाही. मोठ्या शहरांत ग्लुटेन नसलेला ब्रेड आणि बिस्किटं महाग भावानं विकत घेतात. आपल्याकडं ज्वारीची भाकर, कळण्याची भाकर, कण्या घातलेली अंबाडीची भाजी, आंबील, झुणका, कढी हे सगळं आधीच त्यात बसतं. ज्वारीच्या १०० ग्रॅम दाण्यांत १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे गव्हाच्या तुलनेत फार उणं काही नाही. पोरगं पोळीवाचून अशक्त होईल ही भीती काढून टाका.

अडचण दुसरी आहे. रेशनवर गहू फुकट मिळतो आणि ज्वारी विकत घ्यावी लागते. आपल्या शिवारात कपाशी आणि सोयाबीन वाढलं, ज्वारी कमी झाली. तरी ज्यांच्याकडं थोडी का होईना शेती आहे, त्यांनी घरापुरती ज्वारी जरूर पेरावी. घरातल्या एका माणसासाठी वर्षाला लागणारी ज्वारी काही फार होत नाही.

खरी मेहनत आहे ती लपलेला गहू शोधण्याची. पोळी, पुरी, रोडगे, बाटी, वरणफळं, रवा, मैदा, शेवया, पाव, टोस्ट, बिस्किट, शेगावची कचोरी, यात गहू आहे हे सांगावं लागत नाही. पण कुरडई गव्हाच्या चिकाची असते हे पोराला देताना विसरायला होतं. त्याला बिबडे द्या, ज्वारीचे धापोडे द्या. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव किंवा गहू असतो. आणि हिंग! बाजारातला बांधणी हिंग पिठात मिसळलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, तो घ्या, नाहीतर फोडणीला जिरं-लसूण पुरे आहे.

दुसरी जागा म्हणजे गिरणी. गिरणीत आधी गहू दळला आणि त्यावर आपली ज्वारी टाकली, तर पहिल्या पिठात गहू येतोच. सिलिअ‍ॅकच्या माणसाला तेवढाही बाधतो. गिरणीवाल्या दादांना नीट समजावून सांगा. सकाळी गिरणी साफ केल्यावर पहिलं दळण आपलं लावा. त्यातही पहिलं किलोभर पीठ वेगळं काढा, ते घरातल्या बाकीच्यांना चालतं. घरी जातं किंवा घरघंटी असेल आणि ती फक्त ज्वारीसाठी ठेवता आली तर उत्तमच. बेसनाचंही तसंच, हरभऱ्याची डाळ आणून वेगळी दळावी.

तिसरी जागा आपली चूल. कणकेच्या परातीतच भाकर थापू नका. त्या माणसासाठी परात, तवा आणि पिठाचा डबा वेगळा ठेवा, डब्याला लाल दोरा बांधा म्हणजे घरात सगळ्यांना कळेल. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात त्याची भजी तळायची नाहीत. आधी भाकरी, मग पोळ्या, असा क्रम लावला तरी बरंच सोपं होतं.

आता दूध.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारा रस तान्हेपणी सगळ्यांच्या आतड्यात भरपूर असतो आणि मोठेपणी पुष्कळांत कमी होतो. जगातल्या निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांची हीच स्थिती आहे, त्यामुळं यात लाजण्यासारखं काही नाही. सकाळी अनशापोटी पेलाभर दूध प्यालं की पोट बिघडतं, पण चहा चालतो, ताक चालतं, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांचं बहुधा हेच. अशांनी दूधदुभतं सगळं सोडू नये. दही लागताना त्यातले जिवाणू बरीचशी साखर खाऊन टाकतात, म्हणून दही, ताक, कढी पचते. पनीरमध्ये ती थोडीच उरते, तुपात जवळजवळ नसते. आणि दूधही जेवणासोबत, थोडं थोडं घेतलं तर पुष्कळांना चालतं.

लहान मुलांना जोराची हगवण लागून गेली की काही दिवस दूध पचत नाही. ते तात्पुरतं असतं. तेवढ्यावरून "याला दूध चालत नाही" असा शिक्का मारून वर्षानुवर्षं दूध बंद ठेवू नका. आणि अंगावरचं दूध तर हगवणीतही बंद करायचं नाही.

दुधाची ॲलर्जी मात्र वेगळी. ती तान्ह्या बाळात दिसते. वरचं दूध दिलं की उलट्या, अंगावर गांधी, कधी संडासातून रक्त. अशा वेळी "गाईचं नाही तर शेळीचं देऊन पाहू" असं आपण करतो. पण शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात, बहुतेक बाळांना तीही बाधतात. इथे घरगुती प्रयोग नकोत, बालरोगतज्ज्ञांकडंच जावं. यातली बरीचशी बाळं मोठी होता होता दूध पचवू लागतात, म्हणून पुन्हा कधी द्यायचं तेही डॉक्टरांनाच विचारावं.

ज्यांचं दूध खरोखर सुटलं, त्यांनी चुन्याची, म्हणजे कॅल्शिअमची भरपाई करावी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शिअम असतं. तीळ, राजगिरा आणि शेवग्याचा पाला यांतही ते भरपूर असतं. ज्वारीच्या पिठात मूठभर नाचणी मिसळली तर भाकर बिघडत नाही.

आता डाळी आणि शेंगदाणे. ॲलर्जी म्हटलं की परदेशात शेंगदाण्याचं नाव आधी निघतं. आपल्याकडं त्यासोबत दुसऱ्याच वस्तूकडं पाहावं लागतं. मुंबईतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. आपल्या भागात हरभरा हा ॲलर्जीचं एक महत्त्वाचं कारण आहे, असं त्यात दाखवलं आहे. म्हणजे आपलं पिठलं, झुणका, भजी, शेव, पुरणपोळी! अशा माणसाला तुरीचं किंवा मुगाचं वरण चालेल की नाही, हे तपासूनच कळतं. हरभरा बाधतो म्हणून सगळ्या डाळी बंद करणं चूक, आणि न विचारता सगळ्या देणंही चूक. मुगाचं चाललं तर झुणका मुगाच्या पिठाचाही छान होतो.

वांग्याचं तर आपल्या भरताच्या मुलखात नाव घ्यायलाच हवं. वांगं खाल्लं की जिभेला, घशाला खाज, असं सांगणाऱ्या पुष्कळ. म्हैसूरच्या संशोधकांनी ७४१ जणांची वांग्यासाठी पाहणी केली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. खरी ॲलर्जी शंभरात एकाहूनही कमी लोकांना निघाली. वांग्यात मुळातच खाज आणणारे काही घटक असतात, बाकी बऱ्याच जणांचा त्रास त्यांच्यामुळं होतो. म्हणजे नुसती खाज सुटत असेल तर वांगं सोडा, पण त्याच्यासोबत टोमॅटो, बटाटा, मिरची असं सगळं सोडत बसू नका.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या घरात मात्र सगळ्यात सावध राहायचं ते उपवासाच्या दिवशी. गव्हाचं वावडं असलेल्याला उपवासाचं ताट जवळजवळ आयतं पथ्याचं. भगर, साबुदाणा, राजगिरा, कशातच ग्लुटेन नाही. पण शेंगदाण्याचं वावडं असलेल्याला तेच ताट सगळ्यात धोक्याचं. खिचडीत कूट, आमटीत कूट, चटणीत कूट, लाडूत कूट. एरवीही ठेच्यात आणि भरल्या वांग्यात तो असतोच. अशा घरात कुटाच्या जागी भाजलेले तीळ किंवा सुकं खोबरं वापरता येतं, मात्र तिळाचीही ॲलर्जी नाही ना, याची खात्री करून.

पण ॲलर्जीच्या भीतीनं बाळाला शेंगदाणा द्यायचाच नाही, असं करू नका. इंग्लंडमध्ये ६४० बाळांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ॲलर्जीचा धोका जास्त होता अशी ही बाळं होती. ज्यांना पहिल्या वर्षापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात ही ॲलर्जी साधारण ८० टक्क्यांनी कमी आढळली. म्हणून सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू केलं की पेजेत बारीक कूट थोडं थोडं घालायला हरकत नाही. बाळाला फार इसब असेल किंवा आधी कशाची ॲलर्जी निघाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि अख्खा दाणा मात्र पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो.

एक गोष्ट गोडंबीची. बिब्बा उतणं काय असतं हे आपल्याला सांगायला नको. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. काजूची ॲलर्जी असेल तर बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवातली गोडंबी विचारल्याशिवाय खाऊ नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंगावर पित्त उठलं की आपण आमसुलाचं पाणी लावतो, घोंगडी पांघरतो. नुसत्या गांधी असतील तर आमसुलानं आराम वाटेल. पण ओठ, जीभ किंवा डोळे सुजले, आवाज बसला, दम लागला, छातीत सू-सू वाजू लागलं, चक्कर आली, किंवा खाल्ल्यावर लगेच गांधी आणि सारख्या उलट्या सुरू झाल्या, तर ते पित्त नाही. तिथे आमसूल, लिंबू, उतारा, काही नाही. १०८ ला फोन करा, किंवा जे वाहन मिळेल त्यानं जवळचं आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय गाठा. माणसाला आडवं झोपवा, पाय उंच करा. दम लागत असेल तर टेकून बसवा. उठवून चालवू नका, पाणी पाजू नका. यावरचं औषध ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीत देतात. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, पण अशा वेळी ती पुरत नाही. दवाखान्यात पोचताच "काय खाल्लं आणि किती वेळात झालं" हे आधी सांगा. आणि बरं वाटलं तरी लगेच घरी येऊ नका, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

जीवावरचं नसेल, नुसतं पोट बिघडत असेल, तर एक साधा उपाय आहे. वही. दोन आठवडे जे खाल्लं ते लिहा, कधी त्रास झाला ते लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला, नातीला सांगा. मग ज्याच्यावर संशय आहे ती एकच वस्तू दोन ते चार आठवडे बंद करा. फरक पडला तर पुन्हा थोडी खाऊन पाहा. पुन्हा त्रास झाला तर संशय खरा, नाहीतर ती वस्तू ताटात परत घ्या. एका वेळी चार वस्तू बंद केल्या तर कशानं गुण आला ते कधीच कळत नाही. हा प्रयोग तान्ह्या बाळावर, गरोदरपणात, गव्हाच्या तपासणीआधी, आणि ज्याला एकदा सूज किंवा दम लागला आहे त्याच्यावर करायचा नाही.

रक्ताच्या एका नमुन्यात दोनशे पदार्थ तपासून देतो, अशा आयजीजी नावाच्या महागड्या चाचण्यांची जाहिरात असते. ॲलर्जीच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी त्या ग्राह्य धरलेल्या नाहीत. त्यांची लांबलचक यादी घेऊन माणूस उपाशी राहतो. त्यापेक्षा डॉक्टर सांगतील ती एक-दोन तपासण्या करा. पाकिटावरचं वाचायची सवय लावा. २०२० च्या अन्नसुरक्षेच्या लेबल नियमांप्रमाणं गहू, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, काजू-बदाम, सोयाबीन यांचा उल्लेख पाकिटावर वेगळा करावा लागतो. सुटं फरसाण आणि सुटी बिस्किटं यांवर काही लिहिलेलं नसतं, म्हणून वावडं असलेल्यानं ती टाळलेलीच बरी.

शेवटी घरातलं बोलू. वावडं असलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा त्रास पोटाचा नसतो, तो पंगतीतला असतो. भंडाऱ्यात पुरी नको म्हटलं तर प्रसादाचा अपमान, लग्नात पोळी नको म्हटलं तर नखरे. नवी सून म्हणाली, "सासूबाई, मला दूध चालत नाही," तर "माहेरी लाडावलेली" असा शेरा. लेकीला सिलिअ‍ॅक निघाला तर लग्न जमताना लपवायचं, आणि मग सासरी तिनं गुपचूप पोळी खाऊन आतडं जाळून घ्यायचं. असं करू नका. सोयरीक जमवतानाच सांगा, "आमची लेक भाकर खाते, तिला पोळी चालत नाही." भाकर खाणारी सून या मुलखाला जड का व्हावी? प्रसाद भक्तीनं कपाळाला लावला तरी पोचतो. मुलाच्या शाळेत बाईंना आणि अंगणवाडीत ताईंना एका कागदावर लिहून द्या, याला काय चालत नाही आणि चुकून खाल्लं तर काय करायचं. आणि पोराला एकट्याला वेगळं ताट वाढण्यापेक्षा आठवड्यातले काही दिवस सगळ्या घराचीच भाकर होऊ द्या. त्याचं पथ्य त्याला शिक्षा वाटणार नाही.

तुमच्या घरात कुणी काय आणि कधीपासून बंद केलंय, ते आज जेवताना एकदा विचारा. विशेषतः शेवटी जेवणाऱ्या बाईला विचारा. ते कुणाच्या सांगण्यावरून बंद केलं हेही विचारा. उत्तर "आपलंच" असं आलं, तर वही काढा किंवा दवाखान्याची वाट धरा.